गायब मास्टर

मी ज्या भिंतीवर पत्रक चिकटवलं ती भिंत शिंकली.

हे वाचून कोणी मला भांगेच्या गोळीचा माणूस समजू नये. भांगेविरुद्ध माझं स्वतंत्र पत्रक आहे, हवं असेल त्यानं मागून घ्यावं. माघाचे दिवस होते, नुकतं फटफटत होतं, आणि सीताबर्डीच्या टेकडीखालच्या गल्लीत मी खळीचा डबा आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन हिंडत होतो. पत्रकाचा मथळा होता, 'हाक्याची बिगार बंद करा!' ज्यांना हाका ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साहेब किंवा साहेबांचे लाडके मालगुजार शिकारीला निघाले की भोवतालच्या खेड्यांतली माणसं शेतातून, चुलीपुढून उठवायची, त्यांच्या हातात ढोल आणि रॉकेलचे डबे द्यायचे, आणि ओरडत, बडवत जंगलातून पुढे चालवायचं. जनावर भिऊन मचाणाकडे पळतं. मचाणावर बंदूकवाला गादीवर बसलेला असतो. याला म्हणतात हाका. मजुरी नाही, नाही म्हणायची सोय नाही, आणि जागा कुठली, तर जनावराच्या मागे आणि बंदुकीच्या पुढे. हे ज्याला अन्याय वाटत नाही त्यानं हा लेख इथंच ठेवून द्यावा.

तर मातीची एक चांगली रुंद भिंत पाहून मी खळ फासली, पत्रक दाबून बसवलं, आणि भिंत शिंकली.

"माघाच्या थंडीत छातीवर गार खळ काहून थापतं गा?" भिंत म्हणाली.

भिंतीत दोन डोळे उघडले. मग मिशा दिसल्या. मग एक साठीचा माणूस भिंतीपासून सुटा झाला. अंगात पायघोळ कोट. त्याच मातीचा रंग, तेच पोपडे, ओल धरलेली तीच काळसर रेघ, एवढंच काय, भिंतीत लिंपलेल्या गवताच्या काड्यासुद्धा कोटावर होत्या.

"तुम्ही इथं काय करताय?" मी दरडावून विचारलं. भ्यालेला माणूस दरडावतोच.

"कावळ्याची वाट पाहून राहिलो होतो. आला तू."

तो चिडेल असं मला वाटलं होतं. पण त्यानं मान खाली घालून छातीवरच्या पत्रकाकडे नुसतं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाला, "जा, त्या कडुलिंबापाशी उभा राह्य." मी गेलो. तो पुन्हा भिंतीला टेकला.

"मी दिसतो का?"

"नाही."

"कागद?"

"दिसतो ना. चांगला ठळक छापलाय."

"अक्षरं नाही इचारले. कागद दिसते का? अजून मागं जा. अजून मागं. आता?"

"आताही दिसतो."

"हे मी ठेवून घेतो," असं म्हणून त्यानं ते ओलं पत्रक छातीवरून अलगद सोडवलं आणि देवाचा प्रसाद न्यावा तसं दोन्ही हातांवर धरून आत नेलं. माझं पत्रक आपणहून मागून घेणारा तो नागपुरातला पहिला माणूस. मी मनातल्या मनात त्याला सुज्ञ नागरिक ठरवून टाकलं. चार दिवसांनी कळलं की हा सुज्ञ नागरिक साहेबांचा शिंपी आहे.

त्याचं नाव महादेवजी. पण बर्डीवर महादेवजी कुठं राहतात असं विचाराल तर कोणी सांगणार नाही. गायब मास्टर म्हणा, पोट्टंही बोट दाखवील. शिंपी आणि रंगारी अशी दोन्ही कामं ते एकटे करतात, आणि कपडे शिवतात ते एकाच कामाचे, जंगलात घालून नाहीसं व्हायचे. दुकानावर पाटी नाही. दार भिंतीच्याच रंगानं रंगवलेलं. नवं गिऱ्हाईक दुकानावरून तीनदा जातं आणि शेवटी पायरीवर बसलेल्या मास्टरांनाच पत्ता विचारतं. पाटी लावा म्हणून मी एकदा सांगितलं, तर म्हणाले, "ज्याले दुकान सापडत नाही त्याले हरीण काय सापडन?"

त्यांचं ब्रीद एकच. 'दिसलं म्हंजे बिघडलं.' शिवण दिसली, बिघडलं. बटण चमकलं, बिघडलं. त्यांच्या कोटाला लाकडाची बटणं असतात, तीही ज्या जंगलात जायचं तिथल्याच लाकडाची. मी म्हटलं, बटणाचं लाकूड वाघ ओळखतो का? म्हणाले, "वाघ ओळखत नसन. मी तर ओळखतो ना."

माप घेण्याआधी ते गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारतात. कोणतं जंगल? कोणता महिना? कोणती वेळ? बसणार का चालणार? उत्तर मिळाल्याशिवाय फीत गळ्यातून उतरत नाही. एक तरुण बॅरिस्टर आले. नवी बंदूक, नवे बूट. म्हणाले, "कोणत्याही जंगलात चालेल असा द्या." मास्टर म्हणाले, "कोणत्याही नवरीले होईन अशी चोळी शिवते का कोणी? जा, जंगल ठरवून या." एका गोऱ्या साहेबानं हिरव्या सुटाची फर्माईश केली. महिना वैशाख. मास्टर त्याच्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "वैशाखात हिरवं? साहेब, चांद्याच्या जंगलात तवा एक तुम्ही हिरवे, अन् एक पोपट. पोपट उडून जाईन." दुभाष्यानं याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण साहेबानं वाळक्या पानांच्या रंगाचा कोट मुकाट्यानं घेतला. ज्या साहेबापुढे आमचे नामांकित वकील कमरेत वाकतात त्याला हा माणूस पोपट म्हणतो! हे ऐकून माझी छाती फुगली हे कबूल करतो. आणि लगेच संतापही आला, कारण कोट शेवटी दिलाच ना?

त्यांच्या परसात मडक्यांची रांग आहे. एकात बाभळीची साल, एकात हिरडा, एकात घोड्याचे जुने नाल गंजत घातलेलं काळं पाणी, एकात सागाची कोवळी पानं. कापडावर पानांचे ठसे उठवायचे तर खऱ्या पानांनीच. ऐनाच्या जंगलाला ऐनाचं पान, धावड्याच्या जंगलाला धावड्याचं. एकदा धावड्याची पानं मिळेनात, तर दुसरी लावून भागवा असं काकू म्हणाल्या. दोन दिवस मास्टर जेवताना त्यांच्याशी बोलले नाहीत.

काकू म्हणजे सगुणाकाकू, मास्टरांच्या पत्नी. त्यांच्या जन्माचं गाऱ्हाणं असं की नवऱ्याचं काम इतकं चांगलं आहे की घरात काही सापडत नाही. रंगवलेले कोट परसात वाळत घातले की गेले. मग काकू एकेका झाडाला चापटी मारत फिरतात. "या मानसाचं रंगवलं की हरवलं! त्या दिवशी कडुलिंबाले तीन बाह्या फुटल्या होत्या बाप्पा, चौथी अजून सापडली नाही." शेवटी त्यांनी प्रत्येक कोटाला लाल दोरा बांधायला सुरुवात केली. मास्टर तो गुपचूप सोडतात. "लाल दोरा दिसते वं," म्हणतात. "दिसावा म्हूनच बांधला!" काकू म्हणतात. या विषयावर गेली चाळीस वर्षं दोघांचं एकमत व्हायचं आहे.

तयार कोटाची परीक्षा कावळा घेतो. मास्टर कोट घालून परसात किंवा गल्लीतल्या भिंतीला टेकून उभे राहतात, कावळा खांद्यावर येऊन बसला की माल पास. माझं पत्रक त्यांना चिकटलं ते याच परीक्षेत. एकदा मात्र असं झालं की वाळत घातलेला एक कोट शेजारच्या बकरीनं पाला समजून खाल्ला. अर्धी बाही आणि कॉलर. दुसरा असता तर बकरीवाल्याशी भांडला असता. मास्टरांनी बकरीच्या गळ्यात हार घातला. "कावळा पास म्हंजे मॅट्रिक," ते अजून सांगतात, "बकरी पास म्हंजे बी.ए."

आमच्या व्यायामशाळेच्या मुलांनी अंबाझरीच्या रानात लपाछपीचा सामना ठरवला तेव्हा एका बाजूला मास्टरांनी आपले जुने कोट वापरायला दिले. मी शोधणाऱ्यांत होतो. दोन प्रहर शोधून एकही गडी सापडला नाही. दमून मी एका वारुळावर टेकलो तर वारूळ म्हणालं, "उठ गा, कंबर मोडली." सामना कोण जिंकलं ते सांगत नाही. जिंकलेले आठ जण संध्याकाळपर्यंत उपाशी पडून राहिले होते, कारण सामना संपला म्हणून बोलवायला गेलेल्यांनाही ते सापडेनात. मास्टर तळ्याच्या बांधावर बसून हे सगळं पाहत होते. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

अशा माणसाशी भांडणं जड जातं. पण मी भांडलो. रोज भांडलो. दुकानात जायचं, त्यांच्या हातचा गुळाचा चहा प्यायचा आणि त्यांचा निषेध करायचा, असा माझा परिपाठ झाला.

"तुम्ही साहेबांना लपवता!"

"हाव."

"लाज नाही वाटत?"

"काम चांगलं नाही झालं तर वाटते."

"गरिबांना बिगारीला धरून नेतात, त्यांच्या जिवावर हे मचाणावर बसतात, आणि तुम्ही त्यांना झाडाचा रंग फासता!"

यावर मास्टर सुईत दोरा ओवत राहत. त्यांच्या मागच्या भिंतीवर माझं पत्रक लावलेलं होतं, अगदी मधोमध. त्याच्याकडे ते अधूनमधून मान वळवून पाहत. मला वाटायचं, आज ना उद्या शब्द आत उतरतील.

दोन गोष्टी मात्र मला कळत नव्हत्या. एक म्हणजे, चार प्रश्न झाले, माप झालं, गिऱ्हाईक उठलं, की मास्टर दारातून एक पाचवा प्रश्न टाकत. "हाक्याले माणसं किती?" गिऱ्हाईक चकित होई. कोटाचा आणि हाकेवाल्यांचा संबंध काय? पण काहीतरी आकडा सांगे, आणि मास्टर तो खडूनं चौकटीवर लिहून ठेवत. दुसरी गोष्ट, मास्टर फाल्गुन महिन्याचं काम घेत नसत. शिकारीचा ऐन हंगाम, आणि कोणी फाल्गुन म्हटलं की फीत गळ्यातच राही. "फाल्गुन सोडून सांगा." अख्ख्या बर्डीत यावर थट्टा चाले. रंगारी असून होळीच्या रंगाला भितो! काकूंना विचारलं तर त्या पदर सावरून आत जात.

आणि त्याच वर्षी, मी भिंतीला पत्रक चिकटवलं त्याच माघाच्या अखेरीला, एका बड्या मालगुजाराचे दिवाणजी दुकानात आले. त्यांच्या मालकांकडे कोणी मोठा साहेब पाहुणा येणार होता. दोन कोट हवे होते. मी चहा पीत बसलोच होतो.

"कोणतं जंगल?" "उमरेडकडचं." "महिना?"

"फाल्गुन," दिवाणजी म्हणाले.

मी हसून मास्टरांकडे पाहिलं. आता फीत गळ्यातच राहणार! पण मास्टर उठले. भिंतीवरच्या माझ्या पत्रकापाशी गेले. त्याच्या चारही कडांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"घेतो," ते म्हणाले. "हाक्याले माणसं किती?"

"असतील चाळीस."

इतक्या वर्षांचा नेम, आणि मोठ्या साहेबाचं नाव ऐकताच मोडला! म्हणजे हाही त्यातलाच. मी पेला आपटून बाहेर पडलो. घरी न जाता सरळ महाल भागातल्या छापखान्यात गेलो आणि उभ्याउभ्या पत्रक लिहिलं. 'साहेबांना झाड बनवणारा शिंपी! खाकीच्या चाकरांवर बहिष्कार घाला!' त्याची पहिली प्रत मी स्वतः जाऊन त्यांच्या दारावर चिकटवली. कोणाच्या पाठीमागे लिहायची मला सवय नाही.

मास्टरांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. काकू दारात उभ्या होत्या, त्यांचे डोळे भरले होते. मास्टर म्हणाले, "बाकी लेह्य, तुहा हक्क आहे. पण खाकी काहून लेहलं? माह्या दुकानात खाकी? धुळीचा रंग तो, धुळीत लपणाऱ्यायचा. हे बदनामी आहे, सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाच जण दुकानापुढे निरोधनाला बसलो. गिऱ्हाइकाच्या पायांशी आडवं व्हायचं, हात जोडायचे, परत पाठवायचं. मास्टर आतून शिवणयंत्र चालवत होते. रात्रंदिवस म्हणावं इतकं चालवत होते. दोन कोटांना एवढं काम कसलं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. संतापलेल्या माणसाला मोजमाप सुचत नाही.

आठव्या दिवशी दिवाणजींची बैलांची दमणी दाराशी लागली. मास्टरांनी एक भलं मोठं गाठोडं बाहेर आणलं. आम्ही पुढे झालो आणि ते ओढून घेतलं. कोणीतरी म्हणालं, चौकात नेऊन पेटवू. मी काडेपेटी काढली.

"हात नको लावू!"

मी मागे वळून पाहिलं. मास्टरांना मोठ्यानं बोलताना बर्डीवर कोणी ऐकलं नव्हतं. ते पायरीवर उभे होते.

"कोट पाहिजे तर जाळ. दोनही जाळ. खालचं नको जाळू गा. हात जोडतो."

मी गाठ सोडली. वर दोन कोट होते, वाळल्या गवताचे, मधे मधे पळसाच्या फुलांचे शेंदरी डाग. ते बाजूला केले. खाली फेटे होते. चाळीस. आणि कसले फेटे! पांढरा आणि राणी रंग, हातहातभर मोठे चौकोन, बुद्धिबळाचा पट डोक्याला गुंडाळावा तसे. दिसलं म्हंजे बिघडलं म्हणणाऱ्या माणसानं आयुष्यात इतकं डोळ्यांवर येणारं काही केलं नसेल.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"हाकेवाल्यायसाठी," मास्टर म्हणाले आणि पायरीवर बसले.

मग त्यांनी सांगितलं. ते जसं सांगितलं तसंच लिहितो, माझ्या पदरचं विशेषण एकही घालत नाही.

"माहा लहान भाऊ होता, किसन. आम्ही तिकडचेच, जंगलाच्या काठचे. मी विशीत होतो, रंगाचं काम नुकतंच शिकलो होतो. किसनले हाक्याले धरलं. मले भेव वाटलं. म्हटलं, याले असा फेटा देतो की कोसावरून दिसन. पळसाची फुलं उकळली, शेंदरी फेटा केला. असा रंग उतरला की गावातले लोक पाह्याले आले. त्याच्या डोक्यावर मीच बांधला. फाल्गुन होता गा. जंगलात गेलो तर पळस फुललेला. सारं जंगल त्याच रंगाचं. झाडावर तोच, जमिनीवर तोच. साहेब म्हणे, मले पळस दिसला, त्याच्याखाली काही हाललं. खोटं नाही बोलला तो."

"चूक साहेबाची होती!" मी ओरडलो. "चूक बिगारीची होती! दिसेल ते हाललं की बार काढायचा? खटला झाला का? कोणाला शिक्षा झाली का?"

"तुहं सारं बरोबर आहे," मास्टर म्हणाले. "पण रंग माहा होता."

दिवाणजी दमणीत खाली मान घालून बसले होते.

"तवापासून महिना इचारतो. साहेबासाठी नाही. लपवणं काय, कोणालेही येते. दिसवणं कठीण. पावसाळ्यात लाल फेटे देतो, हिवाळ्यात शेंदरी. पण फाल्गुनाले रंग सापडत नव्हता. शेंदरी पळसाचा. लाल सावरीचा. पिवळं गवत. पांढरं कुलूच्या झाडाचं खोड. निळा देऊन पाह्यला असता तर नीलगाय म्हणून मारला असता. मोरपंखी मोराचा. जंगलानं मले एक रंग नाही सोडला. म्हून फाल्गुन बंद." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या अवस्थेतही हसले. "मग तू आला. छातीवर कागद थापला. मी साऱ्या अंगानं लपलो होतो अन् तुहा कागद पन्नास पावलांवरून दिसून राहिला होता. मी रंग पाहून राहिलो होतो इतके वर्षं, आकार नाही पाह्यला. देवानं जंगलात सारं केलं, पान केलं, पट्टा केला, ठिपका केला. चौकोन नाही केला. चौकोन माणूसच करते. चौकोन दिसला म्हंजे माणूस."

माझ्या हातात काडेपेटी होती. ती मी खिशात टाकली. तेवढंच सुचलं.

"मग कोट तरी का शिवता?" मी विचारलं, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"कोट शिवल्याशिवाय माणसं किती ते कोण सांगन मले? कोटाच्या शिलाईतच फेटे निघतात. अन् आयक. उघडा बसलेला शिकारी घाबरलेला असते. पान हाललं की बार. चांगला लपलेला माणूस थांबते, जनावर पुरतं दिसेपर्यंत. थांबला म्हंजे पाह्यते. त्यानं पाहावं, एवढंच माहं म्हणणं."

दिवाणजींनी घसा साफ केला. "पण मास्टर, एवढे भडक फेटे! जनावर बिचकेल. साहेब नाराज होईल."

"दिवाणजी, चाळीस माणसं डबे बडवत येतात ते जनावर बिचकावं म्हूनच ना?" मास्टर म्हणाले. "मग फेट्यानं काय वाकडं होते?"

माझ्यापाशी उत्तर नसलं तरी बोलायची मला सवय आहे. मी म्हटलं, "मास्टर, फेट्यांनी बिगार न्याय्य होत नाही."

"नाही होत," ते म्हणाले. "तू बिगार बंद कर. ज्या दिवशी बंद होईन, त्या दिवशी मी कैची ठेवून देईन. तवरिक लोकं जंगलात जाऊनच राहिले ना?"

मी गाठोडं पुन्हा बांधलं आणि दमणीत चढलो. फेटे दिवाणजींच्या भरवशावर सोडायची माझी तयारी नव्हती. खेड्यात जाऊन मी एकेकाच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं फेटा बांधला. लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "काय गा, आमचं लगीन लावतं का काय?" मला बांधता येत नव्हता, तर त्यानंच मला शिकवलं. हाका सुरू झाला तेव्हा मला नाल्याच्या अलीकडे थांबवण्यात आलं. पलीकडे सारं जंगल पेटल्यासारखं शेंदरी होतं. ढोल वाजत होते. एक बार झाला. दुसरा झाला. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प कधी बसलो नव्हतो.

मग त्या शेंदरी रंगातून एक चौकोन बाहेर आला. मग दुसरा. मग चार एकदम. दोन हरणं पडली होती. वाघ त्या दिवशी कोणालाच दिसला नाही, त्याचाही शिंपी चांगला असावा. मी नाल्याच्या काठावर उभा राहून शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत मोजत होतो. चाळीस. म्हातारा सगळ्यांत मागून आला, फेटा तिरपा, आणि कोणावर तरी खेकसत.

परत येऊन मी मास्टरांना सांगितलं. वाटलं होतं, आनंदतील. त्यांनी एकच विचारलं, "किती दुरून दिसले?"

"नाल्याच्या पलीकडून. बंदुकीच्या टप्प्याबाहेरूनही दिसले असते."

ते उठून आत गेले. आतून काकूंचा आवाज आला, "अवो, आता जेवता का?" आणि ते हो म्हणाले. त्या आठवड्यात ते धड जेवले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

बहिष्काराचं पत्रक मी त्याच दिवशी जाहीरपणे मागे घेतलं. 'खाकी' या शब्दाबद्दल वेगळी माफी मागितली, कारण तेवढीच त्यांनी मागितली होती. बिगार अजून बंद झालेली नाही. माझी पत्रकं चालू आहेत, त्यांची कैचीही चालू आहे. आमच्यात पहिलं कोण थांबतं ते पाहायचं. बर्डीवर अजूनही त्यांना साहेबांचा शिंपी म्हणणारे आहेत. त्यांना मी इथं छापील शब्दांत सांगतो, या शहरात माझ्या ओळखीची पुष्कळ मोठी माणसं आहेत, त्यांतली बहुतेक भाषणं करतात. हा एक माणूस भाषण न करता चाळीस माणसं घरी आणतो. त्याच्या पायरीवर बसून मी चहा पितो याचा मला अभिमान आहे.

ते फेटे खेड्यातल्या लोकांनी परत केले नाहीत. उन्हाला बरे पडतात म्हणून बाजाराच्या दिवशी बांधून येतात. बाजाराच्या दिवशी मास्टर काम करत नाहीत. पायरीवर बसून गर्दीकडे पाहत राहतात. परवा मीही शेजारी बसलो होतो. बैलगाड्या, टोपल्या, धूळ, शेकडो डोकी, आणि फार लांब, रस्ता वळतो तिथं, पांढऱ्या आणि राणी रंगाचा एक ठिपका हलताना दिसला. कोण होता ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

मास्टरांनी माझं मनगट धरलं.

"आला," ते म्हणाले. "तो पाह्य. एवढ्या लांबून दिसला गा."

तो माणूस जवळ येऊन, दुकानावरून पुढे जाऊन गर्दीत मिसळेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.